नाव कोणाच्या सातबाऱ्यावर? डॉट टीव्ही, डॉट व्हिडिओ आणि सारोळा कासारची आजी

१/ अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले; शहराचा ४१४००१ हा पिनकोड मात्र तोच राहिला. आकडा टिकला, म्हणून जुन्या नावाने टाकलेले पत्रही घरी पोचते. इंटरनेटवर नेमके उलटे घडते. तिथे आकडा बदलतो आणि नाव टिकते. ऑनलाइन व्हिडिओ करणाऱ्यांसाठी हा फरक कळीचा आहे, आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष झाले आहे.

२/ इंटरनेटवरील प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा पत्ता असतो. तो लक्षात ठेवणे अवघड. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमचा आराखडा मांडला. माणसाने नाव लिहावे, त्यामागचा आकडा यंत्रणेने शोधावा. सामान एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले, तर आकडा बदलतो. लोकांना ठाऊक असलेले नाव जागचे हलत नाही.

३/ या नावातील शेवटच्या टिंबानंतरचा भाग म्हणजे एक्स्टेन्शन. १९८५ मध्ये डॉट कॉम, डॉट ओआरजी अशी मोजकीच एक्स्टेन्शन होती. पुढे देशांना दोन-दोन अक्षरे मिळत गेली. भारताला १९८९ मध्ये डॉट इन मिळाले. प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या देशाच्या वाट्याला, केवळ नावातील अक्षरांमुळे, ‘टीव्ही’ ही दोन अक्षरे आली.

४/ तुवालू म्हणजे नऊ बेटे आणि सुमारे अकरा हजार लोकसंख्या. २००० मध्ये एका अमेरिकी कंपनीने या दोन अक्षरांच्या वापरासाठी तुवालूशी सुमारे पाच कोटी डॉलरचा, अनेक वर्षांत हप्त्यांनी फेडायचा करार केला. त्याच वर्षी तुवालू संयुक्त राष्ट्रांचा १८९वा सदस्य झाला. त्या सदस्यत्वाच्या खर्चाला या करारातील पैसा उपयोगी पडला. अक्षरांवर मालकी असणे म्हणजे काय, हे त्या बेटांना लवकर कळले.

५/ अक्षरांना भावही आला. २००७ मध्ये जस्टिन डॉट टीव्ही हे थेट प्रक्षेपणाचे संकेतस्थळ सुरू झाले. त्यातूनच २०११ मध्ये ट्विच डॉट टीव्ही निघाले. २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतले आणि मूळचे जस्टिन डॉट टीव्ही बंद झाले.

६/ २०१२ मध्ये आयकॅन या जागतिक संस्थेने नव्या एक्स्टेन्शनसाठी अर्ज मागवले. शुल्क एका अर्जाला १,८५,००० डॉलर. तरी १९३० अर्ज आले. त्यातून २०१४ मध्ये डॉट व्हिडिओ अवतरले. त्याच वर्षी देवनागरीतील डॉट भारतही सुरू झाले आणि मराठीत लिहिलेला पत्ता घेणे शक्य झाले.

७/ तेव्हा असे मानले जाई की उद्या प्रत्येक व्हिडिओकाराचे स्वतःचे दार असेल आणि दारावर ‘डॉट व्हिडिओ’ची पाटी. तसे झाले नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये साध्या डॉट कॉमखाली नोंदलेल्या यूट्यूबने सगळ्यांना एकाच छपराखाली घेतले. जागा फुकट, प्रेक्षक आयते, जाहिरातीचा वाटा वेगळा. मग स्वतःचे घर कोण बांधणार?

८/ त्या छपराने केलेले उपकार खरे आहेत. नगर तालुक्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर, नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे चॅनेल सुरू केले. गावाकडची चव, चुलीजवळची भाषा, कसलाही आव नाही. २०२० मध्येच सदस्यसंख्या सहा लाखांच्या घरात गेली. कोणत्याही दूरचित्रवाणी वाहिनीने या आजींना इतका वेळ दिला नसता.

९/ त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला ते चॅनेल हॅक झाले. उभे केलेले सारे हातून गेले. चार दिवसांनी यूट्यूबकडून ते परत मिळाले. शेवट गोड झाला. पण त्या चार दिवसांत लाखो प्रेक्षकांना आजींपर्यंत नेणारी दुसरी कायमची वाट कोणती होती? व्हिडिओ, प्रेक्षक आणि नाव, तिन्ही एकाच कुलपात होते. ही चूक आजींची नव्हे; सगळ्यांना हीच रीत शिकवली गेली.

१०/ आणि प्रत्येक वेळी शेवट गोड होतोच असे नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेचा वाद वेगळा. परंतु गावोगावच्या कलाकारांनी जमवलेला प्रेक्षक एका फटक्यात विखुरला, आणि “आता अमुक ठिकाणी या” असे सांगायला त्यांच्यापाशी दारच उरले नाही.

११/ याच जिल्ह्यात याच्या उलट उदाहरणही आहे. शिर्डीचे श्री साईबाबा संस्थान समाधी मंदिराचे थेट दर्शन स्वतःच्या, डॉट ओआरजी डॉट इन ने संपणाऱ्या पत्त्यावरून दाखवते. व्हिडिओ पोचवणारे तंत्र बदलेल, सर्व्हर बदलतील, सेवा देणारी कंपनी बदलेल. भाविकाला ठाऊक असलेले दार तेच राहील.

१२/ यावर पहिला आक्षेप असा की संस्थानाला हे परवडते, एकट्या माणसाला नाही. व्हिडिओ साठवणे आणि पुरवणे खरोखरच खर्चिक आहे. पण पत्ता म्हणजे कोठार नव्हे. व्हिडिओ खुशाल यूट्यूबवर असावेत. स्वतःच्या पत्त्यावर एक साधे पान, तिथे सर्व दुवे आणि संपर्क, एवढे पुरे. डॉट इनसारख्या साध्या नावाला वर्षाकाठी लागणारा पैसा बहुतेकांच्या आवाक्यातला आहे.

१३/ दुसरा आक्षेप: आज पत्ता टाइप करतो कोण? लोक शोधतात, किंवा समोर येईल ते पाहतात. खरे आहे. पण समोर काय यावे हे दुसरा ठरवतो. रोजच्या वर्दळीसाठी बाजारपेठ लागतेच. संकटाच्या दिवशी लागतो तो घरचा पत्ता. तो संकटानंतर लोकांना कळवता येत नाही, आधीपासून ठाऊक असावा लागतो.

१४/ तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. डोमेनही कायमची मालकी नसते, तो भाडेपट्टाच. मुदतीत नूतनीकरण केले नाही तर नाव जाते. युगोस्लाव्हिया हा देश नाहीसा झाल्यावर डॉट वाययू हे एक्स्टेन्शनही २०१० मध्ये बंद झाले. हे मान्य करूनही एक फरक उरतो: डोमेन घेणारा आपली नोंदणी दुसऱ्या कंपनीकडे नेऊ शकतो आणि नाव तेच ठेवू शकतो. चॅनेल उचलून दुसऱ्या मंचावर नेता येत नाही.

१५/ म्हणून डॉट टीव्ही की डॉट व्हिडिओ, हा वाद दुय्यम आहे. जस्टिन डॉट टीव्हीला त्याच्या शेवटच्या दोन अक्षरांनी वाचवले नाही. नाव कोणाच्या नावे नोंदले आहे, पासवर्ड कोणाकडे आहे, मूळ चित्रीकरणाची प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आहे की नाही, हे प्रश्न आधी विचारायचे. गावच्या मुलाने किंवा वेबसाइट करून देणाऱ्याने स्वतःच्या नावे डोमेन नोंदले असेल, तर तोही परक्याचाच सातबारा.

१६/ अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या, पद्मश्रीने सन्मानित राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे घरात जपले, तेव्हा बाजारात बियाण्याची टंचाई नव्हती. पेरायचे काय हे आपल्या हाती राहावे, एवढेच त्यामागे होते. व्हिडिओकारांना वेगळे शिक्षण नको. हेच पुरे आहे.

१७/ नव्या एक्स्टेन्शनच्या २०२६ च्या फेरीसाठी आयकॅनने शुल्क २,२७,००० डॉलर ठरवले आहे. नवी अक्षरे येतील, ‘व्हिडिओचे भविष्य’ म्हणून पुन्हा विकली जातील. तुवालूने आपली दोन अक्षरे जपून भाड्याने दिली, विकून टाकली नाहीत. सारोळा कासारपासून शिर्डीपर्यंत कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नावाबाबत निदान तेवढी सावधगिरी बाळगावी.

(थ्रेड समाप्त)