किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, दसऱ्याला आमच्याकडे थार आली. दांडगी गाडी! ओवाळलं मी, पहिला फोटोही माझाच. किल्ली मात्र सरळ मुलाच्या खिशात. वय सोळा.

"पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद हायवे दाराशीच, एक चक्कर मारू दे की," हे म्हणाले. मी नाही म्हटलं. दोन दिवस घरात अबोला.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्या दोघांच्या आया माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड; गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. पालक म्हणजे आईसुद्धा, बरं का!

"तुला गाडीतलं काय कळतं?" असंही ऐकून घेतलं. खरंच कळत नव्हतं. म्हणून शिकाऊ लायसन्स काढलं. क्लचवर पाय अजून थरथरतो. रविवारी करंजीपर्यंत नेली. हे शेजारी गप्प, मागून मुलगाच ओरडत होता, "आई, गिअर बदल!"