विश्लेषण : क्रिकेटवाला ‘प्रोटिया’ धाराशिवच्या काळ्या रानात का येत नाही?

दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाला ‘प्रोटियाज’ म्हणतात, ते त्या देशाच्या राष्ट्रीय फुलावरून. जून २०२५ मध्ये या संघाने लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी अजिंक्यपद जिंकले. हे फूल कापल्यावर बरेच दिवस टिकते, वाळल्यावरही आकार सोडत नाही. मग सोयाबीनऐवजी एखाद्या गुंठ्यात प्रोटिया लावला तर? धाराशिव जिल्ह्यासाठी उत्तर सरळ आहे : पैसे घालवू नका.

हे एक फूल आहे का?

नाही. सूर्यफुलासारखा तो असंख्य बारीक फुलांचा गुच्छ असतो. भोवतीच्या रंगीत ‘पाकळ्या’ म्हणजे बोगनवेलीसारखी रंग बदललेली पाने. ‘किंग प्रोटिया’चा गुच्छ ३० सेंटिमीटरपर्यंत रुंद होतो.

अडचण कुठे आहे?

मुळांत. हे झुडूप केप भागातल्या आम्लधर्मी, निकृष्ट जमिनीत वाढले. तिथे स्फुरद जेमतेम मिळते. म्हणून त्याची मुळे बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दाट झुपके काढतात आणि आम्ल सोडून मातीला चिकटलेले स्फुरद सोडवून घेतात. उपाशी राहायची सवय लागलेले हे झाड समोर आलेले स्फुरद नको तितके ओढते आणि पाने करपतात. आपल्याकडे पेरणीला डीएपी लागतेच. त्याच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद असते. शिवाय काळी माती चुनखडीची, सामू बहुधा सातच्या वर, आणि पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरणारी. खत टाळता येईल, माती कशी बदलणार? रोप मागवण्याआधी माती परीक्षणाचा कागद बघा.

याच कुळातले झाड मात्र आपल्याकडे आहे : सिल्व्हर ओक. (शरद पवारांच्या मुंबईतील निवासस्थानाचे नाव हेच.) नावात ओक असला तरी ते ओक नाही, मूळ पूर्व ऑस्ट्रेलियाचे, म्हणजे क्रिकेटमधल्या प्रतिस्पर्ध्याच्या घरचे. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतल्या चहा-कॉफीच्या मळ्यांना सावलीसाठी ते आणले गेले. पाने नेच्यासारखी, मागून रुपेरी. उन्हाळ्याच्या तोंडावर केशरी-पिवळे, कंगव्यासारखे तुरे येतात. त्यांनाही खऱ्या पाकळ्या नाहीत. मध भरपूर, त्यामुळे पक्षी येतात. फळबागेच्या कडेला वारा अडवण्यासाठीही ते लावतात. फक्त पाणी साचणारी जागा त्यालाही मानवत नाही, आणि पाने-लाकूड हाताळताना काहींच्या त्वचेला खाज सुटते.