नऊ गड्यांचा खेळ तगेल

छोट्या सामन्यांची आंतरराष्ट्रीय मालिका रग्बी लीगला परवडणार नाही, असं ठामपणे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचजण या खेळावर जीव लावणारे आहेत. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायलाच हवं. मला ते पटत नाही. मात्र त्यांचा एक मुद्दा मान्य करावाच लागतो, आणि माझी मांडणी त्याच मुद्द्यावरून पुढे जाते.

आपल्याकडे रग्बी म्हणजे युनियन. २०२५ मध्ये अंधेरीत झालेली रग्बी प्रीमियर लीगही युनियनचीच, सात जणांची. ‘लीग’ हा निराळा खेळ आहे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब युनियनपासून वेगळे झाले. खाणीत, गिरणीत राबणारा गडी शनिवारी खेळला की त्याचा खाडा पडायचा, आणि तो पगार भरून द्यायला युनियनचे कारभारी तयार नव्हते. या नव्या खेळात तेरा गडी असतात. पकडला गेलेला गडी उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो, मागचा तो उचलतो आणि चाल पुन्हा सुरू होते. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. षटक मोजत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. याच खेळाचा नऊ जणांचा, नऊ-नऊ मिनिटांच्या दोन डावांचा प्रकार म्हणजे ‘नाइन्स’.

विरोधकांचा पहिला दाखला ऑकलंडचा. २०१४ मध्ये ईडन पार्कवर क्लबांची नाइन्स स्पर्धा गाजावाजात सुरू झाली आणि २०१७ नंतर तिथे ती झालीच नाही. २०२० मध्ये पर्थला एकदा भरली, मग थांबली. म्हणजे लोकांना हे नकोच, असं ते म्हणतात. पण ती स्पर्धा क्लबांची होती आणि मोसम सुरू होण्याआधीची होती. महागडा खेळाडू फेब्रुवारीत जायबंदी होऊ नये म्हणून क्लब त्याला घरी ठेवत. ज्या स्पर्धेत खुद्द संघालाच जिंकण्याची निकड नाही, ती बघायला माणसं किती वर्षं येतील? देशाच्या जर्सीची गोष्ट वेगळी असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये पॅरामॅटाला नाइन्सचा विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला १७–१५ असं हरवलं. असा निकाल लागतो तिथे कोणी उरकून टाकण्यासाठी खेळलेलं नसतं.

दुसरा आक्षेप असा की छोट्या सामन्यात लीगचा आत्माच हरवतो. दमवणं, रेटणं, ऐंशी मिनिटं अंगावर घेणं उरत नाही. ही तळमळ मी समजू शकतो, पण इतिहास तिच्या बाजूने नाही. या खेळाने १९०६ मध्ये पंधराचे तेरा गडी केले. पकडींवर मर्यादा आली ती १९६६ मध्ये, आधी चार आणि १९७२ मध्ये सहा. आज ज्याला आत्मा म्हणतात, तो अशा बदलांतूनच घडला आहे. शिवाय नाइन्समध्ये जे दिसतं ते तेराजणांच्या सामन्यात क्वचितच दिसतं. मैदान ६८ मीटर रुंद असतं. मागे राखणीला उभा असलेला फुलबॅक सोडला तर बाराजणांच्या फळीत एकेकाच्या वाट्याला साडेपाच-पावणेसहा मीटर येतात. आठजणांच्या फळीत साडेआठ. वाढलेल्या या तीन मीटरांमध्ये एक पाऊल डावीकडे दाखवून उजवीकडे निसटणारा गडी जिवंत होतो. कबड्डीत तीनच बचावपटू उरले की चढाईला अंगण कसं मोकळं होतं, तसंच हे.

आता तो मान्य करावा लागणारा मुद्दा. सात जणांच्या युनियनची जागतिक मालिका वर्षानुवर्षं खंडाखंडांतून फिरली. २०२२-२३ मध्ये पुरुषांचे ११ मुक्काम होते. मग संघ १६ वरून १२ वर आणि पुढे ८ वर आले. ऑलिम्पिकचा आधार आणि मोठा प्रायोजक असूनही फिरण्याचा खर्च झेपला नाही. लीगजवळ यातलं काहीच नाही. या खेळाची जागतिक संघटना गरीब आहे. २०२५ चा विश्वचषक फ्रान्सने पैशांच्या हमीअभावी सोडला, तो २०२६ साठी ऑस्ट्रेलियाकडे गेला. म्हणून जगभर फिरणारी मालिका काढू नये, हे विरोधकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मात्र त्यावरून मालिकाच काढू नये असं ठरत नाही. फिरायचं नाही, एवढंच ठरतं.

फिरायचं नसेल तर काय करायचं? प्रशांत महासागरात आठ संघ, वर्षातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी एकाच मैदानावर दोन दिवस, पुरुष आणि महिला एकत्र. युरोपात तसंच वेगळं, दक्षिण फ्रान्स आणि उत्तर इंग्लंडच्या आसपास. दोन्हीकडचे विजेते चार वर्षांतून एकदाच भेटतील.

आणि खेळाडू? ऑस्ट्रेलियातले क्लब त्यांना सोडणार नाहीत, हा शेवटचा आक्षेप. तर मग त्यांच्याकडे मागूच नका. पापुआ न्यू गिनीचा हंटर्स संघ २०१४ पासून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड कपमध्ये खेळतो आणि २०१७ मध्ये त्याने तो जिंकलाही. लीग हा त्या देशाचा राष्ट्रीय खेळ मानला जातो. घरच्या मैदानांवर घडलेल्या अशा गड्यांना देशाचा टिळा लावायला क्लबांची मेहरबानी लागत नाही.

यात छोट्या देशांचं हित आहे, आणि मला खरी आच त्याचीच आहे. २०२२ मध्ये खेळल्या गेलेल्या विश्वचषकात पहिल्यांदाच आलेल्या ग्रीसला इंग्लंडने ९४–४ असं हरवलं, ऑस्ट्रेलियाने स्कॉटलंडला ८४–०. ऐंशी मिनिटांच्या खेळात ताकदीचा आणि राखीव गड्यांच्या खोलीचा फरक मिनिटागणिक साचत जातो. अठरा मिनिटांत तो साचायला वाव कमी मिळतो. आणि आता २०२६ साठी पुरुषांचे संघच १६ वरून १० केले आहेत. बाहेर राहिलेल्यांनी कोणाशी खेळायचं? छोटा प्रकार छोट्या देशाला काय देऊ शकतो ते फिजीला विचारा. २०१६ मध्ये रिओत त्यांनी सात जणांच्या रग्बीत ब्रिटनला ४३–७ असं हरवून देशाचं पहिलं ऑलिम्पिक पदक आणलं, तेही सोन्याचं, आणि पुढच्या वर्षी तिथे सात डॉलरची नोट निघाली.

लीगकडेही अशी आठवण आहे, फक्त ती विसरली गेली आहे. १९९६ मध्ये फिजीच्या सुवा शहरात नाइन्सची जागतिक स्पर्धा झाली. न्यूझीलंड जिंकला. अंतिम सामन्यात त्याच्यासमोर ऑस्ट्रेलिया नव्हता, इंग्लंडही नव्हता. पापुआ न्यू गिनी होता. तेरा गड्यांच्या विश्वचषकात हा देश अजून एकदाही अंतिम सामन्यात पोहोचलेला नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेने पहिली स्पर्धा पुन्हा सुवालाच घ्यावी.