मुखदुर्गंधी : चूर्णाआधी मुखपरीक्षण

मुखदुर्गंधीची तक्रार घेऊन येणारा रुग्ण ती सहसा पहिल्या वाक्यात सांगत नाही. भूक लागत नाही, पोट साफ होत नाही, तोंडाला चव नाही, असे सर्व सांगून झाल्यावर, उठता उठता, आवाज खाली आणून तो मूळ विषयाला हात घालतो. आपणही त्याने आधी सांगितलेल्या लक्षणांनाच प्रमाण मानतो आणि त्रिफळा किंवा अविपत्तिकर चूर्ण लिहून मोकळे होतो. या सवयीविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

लिहिण्यास निमित्त झाला तो आमच्याच हातून झालेला प्रमाद. पुण्यात मंडईच्या परिसरात भाजीविक्री करणाऱ्या एक पन्नाशीच्या बाई आमच्याकडे येत. नातवंडे जवळ बसत नाहीत, हे त्यांचे खरे दुःख होते. आम्ही पाच महिने दीपन-पाचन व अनुलोमन देत राहिलो. पोट सुधारले, दुर्गंधी तशीच राहिली. अखेर एके दिवशी विजेरी घेऊन मुखपरीक्षण केले, तेव्हा खालच्या पुढच्या दातांमागे शर्करेचा जाड थर, काळवंडलेले व स्पर्शाने रक्त येणारे दंतमांस दिसले. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्यांनी पूर्वी ‘नाही’ असेच उत्तर दिले होते. ‘मिश्री लावता का?’ असे विचारताच म्हणाल्या, ‘ती काय व्यसन थोडीच आहे, डॉक्टर? दात घासायची आहे.’ त्या खोटे बोलल्या नव्हत्या. चुकला होता तो आमचा प्रश्न.

वास्तविक शास्त्राने आपल्याला येथे अंधारात ठेवलेले नाही. सुश्रुताचार्यांनी ६५ मुखरोग सांगितले. त्यांतील शीताद या दंतमूलगत व्याधीत अकारण रक्तस्राव, दुर्गंधी, कृष्णवर्ण, क्लेद व मृदुता ही लक्षणे स्पष्ट दिली आहेत. दंतवेष्टात पूयरक्तस्राव व दात हलणे सांगितले आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात जिव्हानिर्लेखनाचा उपदेश करताना जिव्हामूलाशी साठणारा मल उच्छ्वासाला अडथळा करतो व दुर्गंधी उत्पन्न करतो, असे कारणही दिले. आधुनिक संशोधनही याच ठिकाणी बोट ठेवते. जीर्ण मुखदुर्गंधीच्या दहापैकी आठ ते नऊ रुग्णांत कारण मुखातच असते. जिभेच्या मागील भागात आणि दात व हिरडी यांमधील फटीत वाढणारे जंतू प्रथिनांचे विघटन करून गंधकयुक्त वायू निर्माण करतात. पोटाचा वाटा आपण समजतो त्याहून पुष्कळच कमी असतो.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, परीक्षणाचा क्रम ठरवून घ्यावा. प्रथम जिव्हा, दंत व दंतमूल; नंतर गल व नासा. तुंडिकेरीत अडकणारे पांढरे खडे, जीर्ण पीनस, तसेच लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असल्यास आत अडकलेला मणी वा शेंगदाणा, ही कारणे पाहिल्याशिवाय सापडत नाहीत. लाळ कमी करणारी औषधे चालू आहेत का, हेही विचारावे. श्वासाला पिकल्या फळासारखा वास येणारा प्रमेही, अमोनियासारखा वास येणारा वृक्करोगी यांना कवलाने बरे करू पाहणे हा अपराध ठरेल. त्यांना विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. यानंतरच अग्नी व कोष्ठ यांकडे वळावे.

चिकित्सेविषयी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा. ‘दात साफ करून घेतले की ते खिळखिळे होतात’ ही समजूत पुण्यासारख्या शहरातही घट्ट आहे, आणि काही वैद्यबंधू तिला मूक संमती देतात. दंतमूलाला इजा न करता शर्करा काढावी आणि मग लाक्षाचूर्ण मधासह चोळावे, असे सुश्रुताचार्यांचे सांगणे आहे. शर्करा काढणे ही पाश्चात्त्यांची आयात नव्हे. आज हे काम दंतवैद्याकडे सोपवावे आणि त्यानंतरचा भाग आपण सांभाळावा. शीतादात रक्तविस्रावणानंतर सुंठ, मोहरी, त्रिफळा व मुस्ता यांच्या क्वाथाचा रसांजनयुक्त गंडूष सांगितला आहे. नित्य वापरासाठी खदिर, इरिमेदादी तैलाचा गंडूष, त्रिफळाक्वाथाचा कवल आणि जिभेचे सौम्य निर्लेखन पुरेसे होते. मात्र शर्करेचा थर तसाच ठेवून दिलेला गंडूष म्हणजे केर न काढता सडा घालण्यासारखे आहे.

आता मिश्रीविषयी. तव्यावर भाजून पूड केलेली ही तंबाखूच होय. दातदुखी तात्पुरती शमते आणि तोंड स्वच्छ झाल्यासारखे वाटते, म्हणून ती घराघरांत शिरली. प्रत्यक्षात ती दंतमांस झिजवते, दुर्गंधी वाढवते आणि कर्करोगाची वाट मोकळी करते. येथे आपल्या व्यवसायाचा इतिहासही आठवावा लागतो. तंबाखूयुक्त दंतमंजने एके काळी आयुर्वेदिक परवान्यावर विकली जात होती. १९९२ मध्ये केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये त्यांवर बंदी घातली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदीही आहे. कायद्याने आपले काम केले. परंतु घरच्या तव्यापर्यंत कायदा पोहोचत नाही, तेथे वैद्यच पोहोचतो.

औषधविक्रेत्या बंधूंना दोन विनंत्या. घटकद्रव्यांची यादी नसलेले कोणतेही सुटे मंजन दुकानात ठेवू नये, त्यातून मिळणारा नफा कितीही असो. आणि मुखदुर्गंधीसाठी महिनोन्महिने तेच चूर्ण वा मुखवास नेणारे गिऱ्हाईक दिसले, तर पुढची बाटली देण्यापूर्वी ‘तोंड कोणाला दाखवले का?’ एवढे विचारावे. गिऱ्हाईक एखादे वेळी कमी होईल, विश्वास कमी होणार नाही.

त्या बाईंनी दंतवैद्याकडून शर्करा काढून घेतली व आमच्याकडून गंडूष घेतला. मिश्री सुटण्यास मात्र सात-आठ महिने लागले. मध्ये दोनदा ती पुन्हा सुरूही झाली. नातवंडे आता जवळ बसतात, असे त्या सांगतात. ही चिकित्सा यशस्वी झाली म्हणावे, तर ते पाच महिने आठवतात. त्या पाच महिन्यांत रुग्णाचा पैसा गेला, आणि दोष आयुर्वेदाला लागला असता. शास्त्र कमी पडले नव्हते. आम्ही रुग्णाला तोंड उघडण्यास सांगितले नव्हते, एवढेच.