तक्त्यावरचा पोलंड आणि हातातला पोलंड



शाळेच्या प्रदर्शनात 'देशोदेशींची ओळख' असा एक कोपरा पुष्कळदा असतो. भिंतीवर तक्ते, तक्त्यांवर राजधानी, लोकसंख्या, नाणे आणि मुख्य पिके. टेबलापाशी त्या देशाचा पोशाख घातलेली दोन मुले उभी असतात आणि पाहुणे आले की पाठ केलेली दहा वाक्ये म्हणून दाखवतात. अशाच एका प्रदर्शनात मी पोलंडचा कोपरा पाहिला. झेंडा उलटा लागला होता. पोलंडच्या झेंड्यात वर पांढरा आणि खाली तांबडा पट्टा असतो. तो उलटा केला की इंडोनेशियाचा झेंडा होतो! माणसे येत होती, वाक्ये ऐकून पुढे जात होती. कोणाला काही खटकले नाही.

यात मुलांचा दोष नाही, पद्धतीचा आहे. परक्या देशाची ओळख तक्त्याने होत नाही, पोशाखाने तर नाहीच. त्या देशातली मुले आपल्या हातांनी जे करत मोठी होतात, ते स्वतः करून पाहिले तर होते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि असे करू लागलात की पदार्थविज्ञान न बोलावता मध्ये येते. म्हणूनच हा विषय या मासिकात मांडतो आहे.

पोलंडच का, असे विचाराल. एक कारण अगदी घरचे आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. दुसऱ्या महायुद्धात सोविएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली ही माणसे; त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. वसाहतीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, बालवीरांची पथके होती. त्यांची आठवण सांगणारे स्मारक कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे.

दुसरे कारण मादाम क्यूरींचे. त्यांचा जन्म १८६७ मध्ये वॉर्सा येथे झाला, तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता, आणि १७९५ पासून १९१८ पर्यंत तो तसाच नाहीसा राहिला. शाळेत पोलिश इतिहास उघडपणे शिकवता येत नसे. १८९८ मध्ये नवे मूलद्रव्य सापडले तेव्हा मारी आणि पिएर क्यूरींनी त्याला 'पोलोनियम' नाव दिले, ते या नसलेल्या देशावरून. सरकार नाही, शाळा नाही, मग देश राहतो तरी कोठे? भाषेत राहतो, आणि सणावारी घरात हातांनी जे केले जाते त्यात राहतो. तक्त्यावर मावत नाही तो नेमका हा भाग.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. ईस्टरच्या सणाला पोलंडमध्ये अंडी रंगवतात. त्या अंड्यांना 'पिसांकी' म्हणतात; शब्द 'लिहिणे' या क्रियापदावरून आला आहे, आणि खरोखरच हे लिहिणे आहे. काडीला टोचलेल्या टाचणीचे डोके वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर रेघा आणि ठिपके काढायचे. मग अंडे पिवळ्या रंगात बुडवायचे. मेणाखाली रंग पोचत नाही, तेथे पांढरे राहते. जेथे पिवळे ठेवायचे तेथे पुन्हा मेण लावायचे आणि तांबड्या रंगात बुडवायचे. शेवटी अंडे मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला धरून, पाघळलेले मेण फडक्याने पुसायचे. मगच नक्षी दिसते. तोपर्यंत सारे काम मनातल्या चित्रावर चालते, आणि तेही उलट्या क्रमाने. जे सर्वांत फिकट ते सर्वांत आधी झाकायचे.

येथे एक गंमत आहे. कांद्याच्या टरफलांचा काढा हा या कामाचा जुना रंग. तो उकळून करावा लागतो. पण मधमाशीचे मेण सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते. घाई करून गरम काढ्यात अंडे सोडले की सगळी नक्षी वाहून जाते. 'द्रवणांक' या शब्दाची व्याख्या तुम्ही पाठ केली असेल. असे एक अंडे बिघडले की ती पुन्हा पाठ करावी लागत नाही. रंगात थोडे व्हिनेगर घालतात. अंड्याच्या कवचावर बारीक बुडबुडे येतात ते पाहा, ते कशाचे हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात शोधा.

पुष्कळ घरांत अंडे चालत नाही. मग हट्ट नको. पांढऱ्या सुती कापडाच्या तुकड्यावर हेच सारे करता येते. तत्त्व तेच, आणि अंडे फुटण्याची भीती नाही. मेण मात्र थेट आचेवर ठेवू नका. पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवा, आणि घरातले मोठे माणूस शेजारी असू द्या.

कागद कापण्याची कला, 'विचिनान्की', सोपी आहे. कुर्प्ये भागात एकरंगी आणि वोविच भागात रंगीत कागदांचे थर चिकटवून ती करतात. पूर्वी शेतकऱ्यांच्या घरी मेंढ्यांची लोकर कातरायच्या मोठ्या कात्र्यांनी हे नाजूक काम होई. गोल कागद मध्यातून तीनदा दुमडा आणि काठांवर वाटेल तसे कापा. उघडल्यावर आठ पाकळ्यांचे फूल दिसेल. आता मित्राशी पैज लावा : हे फूल किती अंशांतून फिरवले की जसेच्या तसे दिसेल? तो ३६० ला ८ ने भागून ४५ म्हणेल. फिरवून पाहा. बहुधा जुळणार नाही, ९० अंशांना जुळेल. शेजारच्या दोन पाकळ्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत, हे त्यामागचे कारण. ४५ अंशांना जुळणारे फूल हवे असेल तर कापताना काय काळजी घ्यावी लागेल, ते तुम्हीच ठरवा.

काही शिक्षक म्हणतील, हे कार्यानुभवाच्या तासाचे काम. आणखी एक आक्षेप जास्त गंभीर आहे. पोलंडमध्ये २९ नोव्हेंबरच्या रात्री 'आंजेइकी' नावाचा खेळ होतो. किल्लीच्या भोकातून वितळलेले मेण थंड पाण्यात ओततात आणि गोठलेल्या गोळ्याची सावली भिंतीवर पाडून भविष्य सांगतात. आज तिकडे ही गंमतच आहे, पण विज्ञानाच्या मासिकात भविष्य कशाला? माझे म्हणणे उलट आहे : अशी गोष्ट झाकून ठेवू नये, करून पाहावी. पाच जणांनी एकच सावली पाहून, एकमेकांशी न बोलता, काय दिसले ते कागदावर लिहावे. मग गोळा थोडा फिरवून पुन्हा लिहावे. दहा गोळे झाले की कागद शेजारी ठेवून वाचा. अंधश्रद्धेवरच्या भाषणापेक्षा हे कागद जास्त बोलतात. आणि परक्यांच्या चालीरीतींना नाक मुरडायचीही गरज पडत नाही. मेण पाण्यावर का तरंगते, हे वेगळे विचारायलाच नको.

बाजारात हल्ली तयार संच मिळतात. तुकडे आधीच कापलेले, रंग आधीच भरलेले, मुलांनी फक्त चिकटवायचे. त्यात पैसे घालू नका. ज्यात चुकायला जागा नाही त्यात शिकण्यासारखेही फारसे नाही.

त्याऐवजी गव्हाचे काड आणा. पोलंडमध्ये राईच्या काडाचे झुंबर करून घराच्या छताला टांगत. त्याला 'पायोंकी', म्हणजे कोळी, म्हणतात. वाऱ्याच्या झुळकेने ते हळूहळू फिरते. काड अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर कापताना चिरते. १० सेंटिमीटर लांबीचे २४ तुकडे करा. १२ तुकड्यांत दोरा ओवून घन बांधा. तो उभा राहणार नाही, लोळागोळा होईल. उरलेल्या १२ तुकड्यांचा अष्टफलक बांधा, म्हणजे मध्ये एक चौकोन आणि त्याच्या वर-खाली चार-चार काड्या. तो ताठ उभा राहतो. काड्या दोन्हींत बाराच, दोराही तोच. पण एकाचे तोंड चौकोनांचे, दुसऱ्याचे त्रिकोणांचे. पत्र्याच्या छपराखालची लोखंडी कैची पुढच्या वेळी नीट पाहा. मग त्या लोळागोळा झालेल्या घनाला ताठ करायला कमीत कमी किती काड्या लागतील, आणि त्या कोठे बांधाव्या लागतील, ते करून पाहा. त्या काड्यांची लांबी १० सेंटिमीटर चालणार नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.