टंचाई कशाची म्हणायची?

इंग्रजीत ‘फॅमिन’ म्हणजे दुष्काळ आणि ‘स्केअर्सिटी’ म्हणजे टंचाई. महाराष्ट्राने 1963 साली चक्क कायदा करून पहिला शब्द राज्याच्या कायद्यांतून काढून टाकला आणि त्या जागी दुसरा बसवला. नऊ वर्षांनी, बहात्तरला, आई बीडकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. मी शेजारी कामावर खायला वाटल्या जाणाऱ्या सुकडीची वाट बघत बसायचो. घरी तांबड्या मिलो ज्वारीची भाकर, तीही मोजून. सरकारी कागदावर मात्र टंचाई! आई शाळेत गेली नव्हती, पण शेवटपर्यंत ‘बहात्तरचा दुकाळ’च म्हणाली. तिचाच शब्द बरोबर होता. टंचाई साखरेची होते, पंगतीत वाढप्यांची होते. पण दावणीची गुरं मातीमोल विकावी लागतात, त्याला टंचाई कसं म्हणायचं? आजही उन्हाळ्याआधी जिल्ह्याजिल्ह्यांत ‘टंचाई आराखडा’च तयार होतो.