दाढीचं मशीन चैनीची वस्तू कुणी केली?

माझ्याकडे रेक्स या अमेरिकी कंपनीचं ‘अॅम्बॅसडर’ आहे. स्टेनलेस स्टीलचं, ॲडजस्टेबल, हातात घेतलं की वजन जाणवणारं दाढीचं मशीन. जहाजभाडं आणि कस्टम धरून ते मला वीस हजारांच्या पुढे पडलं. ते उत्तम आहे, मी ते रोज वापरतो आणि कुणी मागितलं तरी देणार नाही. पण त्याची किंमत हा एक अन्याय आहे, आणि तो कुणी केला हे सांगायला मी बसलो आहे.

आधी हे मशीन काय करतं ते सांगतो, कारण ज्यांनी आयुष्यभर प्लास्टिकचं कार्ट्रिज गालावरून ओढलं त्यांना हे कुणी दाखवलेलंच नाही. तळाची घुंडी फिरवली की वरची दोन झाकणं उघडतात. आत साधं दुधारी ब्लेड ठेवायचं, घुंडी उलटी फिरवून बंद करायचं. डोक्याच्या खाली आकडे कोरलेली एक कडी असते, 1 ते 6. ती फिरवली की ब्लेडखालचा आधार वर-खाली सरकतो आणि ब्लेड व संरक्षक पट्टी यांच्यातली फट बदलते. फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा, पण गालाला तो लगेच कळतो. 1 वर ब्लेड कातडीला जेमतेम भेटतं. आकडा चढत गेला की धार जास्त उघडी पडते आणि तीन दिवसांचे खुंट एका हातात साफ होतात. धार केसात शिरली की खर्र असा आवाज येतो, आणि तो थांबला की तिथलं काम झालं हे आरशात न बघताही समजतं.

माणसाची दाढी चेहराभर सारखी नसते. कल्ल्यांखाली केस विरळ असतात, हनुवटीवर तारेसारखे राठ, आणि गळ्यावर ते वाटेल त्या दिशेने वाढतात. कंठमण्याच्या बाजूची कातडी तर इतकी सैल आणि नाजूक की जरा जोर लागला की दिवसभर आग. म्हणून मी गालाला 4 ठेवतो, हनुवटीलाही तेच, आणि गळ्यावर उलटा हात फिरवायच्या आधी कडी 2 वर आणतो. दाबायचं मुळीच नाही. मशीनचं वजनच काम करतं, आपण फक्त कोन सांभाळायचा आणि मोकळ्या हाताने कातडी ताणून धरायची. मग गार पाणी आणि तुरटीचा खडा.

आपल्या सलूनमध्ये बघा. कारागीर नवं ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात सरकवतो आणि तुमच्या-माझ्यापेक्षा स्वच्छ दाढी करतो. एकच पातं, तेही अर्धं. पाच पात्यांचं कार्ट्रिज घेऊन गिऱ्हाइकाची दाढी करणारा न्हावी मी आजवर पाहिलेला नाही, कारण ज्याचं पोट या कामावर आहे त्याला त्यातलं खरं-खोटं कळतं. कुठे धार उभी करायची आणि कुठे निजवायची हे त्याच्या मनगटात असतं. आपल्यापैकी बहुतेकांकडे ते मनगट नाही. ॲडजस्टेबल मशीनची कडी त्याच मनगटाचा काही भाग सामान्य माणसाच्या हातात देते. घरी दाढी करणाऱ्यासाठी इतकं शहाणपणाचं यंत्र त्यानंतर निघालेलं नाही.

आणि ते सामान्य माणसासाठीच निघालं होतं. जिलेट कंपनीने 1958 साली आपलं ॲडजस्टेबल मशीन बाजारात आणलं तेव्हा त्याची किंमत होती 1 डॉलर 95 सेंट. म्हणून त्याचं नावच ‘195’ पडलं. पुढे त्याच्या जाड मुठीमुळे लोक त्याला ‘फॅटबॉय’ म्हणू लागले. पितळी अंग, वर निकेलचा मुलामा, 1 ते 9 आकडे. आजच्या पैशात वीस-बावीस डॉलर. गिरणीतला कामगार, बसचा ड्रायव्हर, शाळामास्तर, कुणीही घ्यावं आणि वीस वर्षं वापरावं. त्यातली कित्येक मशीनं आजही चालतात, आणि त्यांत आजचं कुठलंही दुधारी ब्लेड बसतं.

हे बंद का झालं? लोकांना नको होतं म्हणून नाही. दुधारी ब्लेडवर पैसा उरला नव्हता म्हणून. किंग कॅम्प जिलेटचं मूळ पेटंट 1904 सालचं, ते 1921 मध्ये संपलं. त्यानंतर ब्लेड कुणीही बनवावं आणि ते कुणाच्याही मशीनला बसावं. मूठ स्वस्त विकून ब्लेडवर कमवायची युक्ती जिलेटने पहिल्या दिवशीच शोधली असं व्यवस्थापनाच्या वर्गांत बिनदिक्कत शिकवलं जातं. ते खोटं आहे. पेटंट हातात होतं तोवर जिलेटचं मशीन 5 डॉलरला, म्हणजे त्या काळच्या मानाने महागच विकलं जात होतं. गिऱ्हाइकाला बांधून ठेवायची गरज मक्तेदारी गेल्यावर पडली, आणि तो दोर खऱ्या अर्थाने वळला गेला 1971 मध्ये, ‘ट्रॅक टू’च्या दोन पात्यांच्या कार्ट्रिजने. हे कार्ट्रिज दुसऱ्या कुणाच्या मुठीला बसत नाही, त्या मुठीला दुसऱ्या कुणाचं कार्ट्रिज बसत नाही, आणि जुनं पेटंट संपत आलं की एक पातं वाढवून नवं काढता येतं. 1998 मध्ये तीन पाती. 2006 मध्ये पाच. दरम्यान 1980च्या दशकात जिलेटची ॲडजस्टेबल मशीनं गुपचूप बंद झाली.

पाच पाती लागतात कशाला? उत्तर कंपनीनेच दिलं आहे. 2010 साली तिने भारतासाठी ‘गार्ड’ काढला. मूठ पंधरा रुपयांची, कार्ट्रिज पाच रुपयांचं आणि पातं एक. भारतीय माणसाची दाढी अमेरिकनापेक्षा मऊ असते असं तर कुणी म्हणणार नाही. त्याआधी 2002 मध्ये भारतासाठी काढलेल्या मशीनची चाचणी अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती. त्यांच्या बेसिनला नळ होता. इथे माणूस तांब्याभर पाण्यात दाढी करतो, आणि त्या पाण्यात कार्ट्रिजमध्ये अडकलेले केस निघेनात. मग मंडळी भारतात येऊन लोकांच्या घरात बसली, बघितलं, आणि शेवटी एका पात्यावर आली. म्हणजे गरिबाला विकायचं तेव्हा एक पातं पुरतं, आणि ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला पाच लागतात. या हिशेबात दाढी कुठेच नाही.

कातडीचं तर विचारूच नका. दोन-तीन पात्यांच्या रेझरची जी बढाई जाहिरातीत मारतात तीच त्याची खोट आहे. पहिलं पातं केस ओढून वर काढतं, मागचं पातं तो कापतं, आणि उरलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांच्यात तो वाढताना वळून कातडीतच शिरतो. मग पुरळ, गाठी, काळे डाग. हे सगळं सोसणारी मुलं मी कॉलेजच्या आवारात रोज बघतो. त्यांना कुणी सांगत नाही की बाबा, पात्यांची संख्या कमी कर आणि कातडीच्या वरच थांब. त्यांना आग शमवणारं आणखी एक क्रीम विकलं जातं.

आणि कचरा. दुधारी ब्लेड म्हणजे निव्वळ पोलादाची पट्टी, दोन-चार रुपयांची. डब्यात साठवून भंगारात देता येते. कार्ट्रिज म्हणजे पोलाद, प्लास्टिक, रबर आणि वंगणाची पट्टी यांचा चिकटवलेला गोळा, जो कुठलाही भंगारवाला वेगळा करत बसणार नाही. अशा एकेका गोळ्यासाठी शे-दोनशे रुपये मोजायला आपण शिकलो. विमानात हातातल्या बॅगेत दुधारी ब्लेड नेता येत नाही, हे एक मान्य. पण रोज विमानाने जाणारे किती?

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो, कारण तिथेही काही चांगलं चाललेलं नाही. मोठ्या कंपन्यांनी जे मैदान सोडलं ते छोट्या कारखानदारांनी धरलं, ही स्तुत्य गोष्ट. जर्मनीत झोलिंगेनला मर्कुर कंपनीचं ‘प्रोग्रेस’ हे ॲडजस्टेबल मशीन आजही बनतं. या गावाचं नाव आपल्या पात्यांवर कुणी कोरावं यासाठी 1938 पासून कायदा आहे. अमेरिकेत रेक्सने जुन्या जिलेटचीच चाल स्टेनलेस स्टीलमध्ये पुन्हा जिवंत केली. या माणसांविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच मी पैसे मोजले. पण त्यांच्या अवतीभवती जो बाजार उभा राहिला तो मला बघवत नाही. टायटॅनियमची आवृत्ती, कांस्याची आवृत्ती, मर्यादित संख्या, लाकडी पेटी, मखमली अस्तर. विकत घेणारे ती काचेच्या कपाटात मांडतात, फोटो काढतात आणि स्वतःची दाढी ट्रिमरने करतात. ज्या यंत्राला चेहरा लागत नाही ते यंत्र कसलं?

यांच्यातच एक जात आकड्यांची मर्दुमकी सांगणाऱ्यांची आहे. मी सहावरच करतो, मी नऊवर करतो. अरे, कडी चेहऱ्यासाठी आहे. ज्याचा गळा एकवर खूश आहे त्याने एकवर करावी आणि कुणाला सांगूही नये. ही फुशारकी ऐकून नवा मुलगा पहिल्याच दिवशी कडी शेवटपर्यंत फिरवतो, हनुवटी कापून घेतो आणि परत कार्ट्रिजकडे जातो. कंपन्यांना याहून चांगला प्रचारक मिळणार नाही.

म्हणजे सामान्य माणूस दोन्हीकडून लुटला गेला. एकाने त्याच्या हातून कडी काढून घेतली आणि दुसरा तीच कडी दागिन्याच्या भावाने परत विकतो. मधल्या जागेत, जिथे 1958 साली दोन डॉलरचं मशीन होतं, आज फार थोडं उरलं आहे.

ती जागा भरायला आपल्याला परदेशाकडे बघायची गरज नाही. पार्कर या अमेरिकी नावाने जगभर विकली जाणारी सेफ्टी रेझर भारतात बनतात. ब्लेडं तर आपण पिढ्यान्‌पिढ्या बनवतो; टोपाझ आणि सुपरमॅक्स माहीत नसलेलं मराठी घर विरळा. आणि भोसरी-चाकणच्या शेडमध्ये जे कारागीर गाड्यांच्या इंजिनाचे भाग मायक्रॉनच्या हिशेबात कातून देतात, कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत जे रोज ओतकाम करतात, त्यांना एक कडी, दोन झाकणं आणि एक घुंडी अवघड आहे असं मला कुणी पटवू नये. चाल जुनी आहे, जिलेटच्या त्या पेटंटांची मुदत कधीच सरली, नमुने बाजारात मिळतात. नाही ती फक्त ऑर्डर, कारण दुकानदार म्हणतो मागणी नाही आणि गिऱ्हाईक म्हणतो दुकानात दिसत नाही.

तर भोसरीच्या आणि कोल्हापूरच्या कारखानदारांनो, एक धड ॲडजस्टेबल मशीन काढा. पितळेचं चालेल, मुलामा पक्का द्या, आकडे खोल कोरा, फट दोन्ही बाजूंना सारखी ठेवा आणि किंमत हजाराच्या आत राखा. लाकडी पेटी नको, पुठ्ठ्याचं खोकं पुरे. आणि वाचकहो, उद्या वाण्याकडे कार्ट्रिज घ्यायला जाल तेव्हा त्याला दुधारी ब्लेडचं मशीन मागा. नाही म्हणाला तर पुढच्या खेपेलाही तेच मागा. तुम्ही मागितल्याशिवाय तो ते ठेवणार नाही.